आकडा अजून वाढेल

मोठ्या पडद्यावर 'शोध चालू आहे, कृपया थांबा' ही ओळ उमटली तेव्हा कुठे यंत्र सांभाळणाऱ्या वुकाशिनच्या जिवात जीव आला. विवाहनोंदणी कचेरीतल्या संगणकाला एकेक नोंद शोधायला कॉफी पिऊन होईल इतका वेळ लागे. तोवर पडदा कोरा. लोकांना वाटे, यंत्र मेलं. मग ते खिडकीवर थापा मारत, आतला माणूस घाबरून पुन्हा बटण दाबी, आणि पहिल्या शोधाच्या मानगुटीवर दुसरा शोध बसे. साहेबांनी शेवटी बजावलं होतं, "आज एक जरी माणूस ओरडला, तर यंत्र अडगळीत आणि तू घरी."

म्हणून वुकाशिनने ही युक्ती काढली होती. डेटाबेसमधला शोध जसा सरकेल तशी त्याची खबर बाहेरच्या भिंतीवर दिसायची. काहीतरी घडतंय एवढं दिसलं की माणूस गप्प बसतो, असा त्याचा बिचाऱ्याचा समज.

पहिलाच आला रादोवान स्टोयकोविच. शनिवारी लग्न, त्यासाठी अविवाहित असल्याचा दाखला हवा होता. सोबत नवरी रुझित्सा, आणि मांडीवर गिबानित्साचा डबा घेतलेल्या भावी सासू बोसिल्काबाई. वाट बघता बघता जावयाला त्या चीज भरलेल्या भाजणीचा एकेक तुकडा भरवणं चाललं होतं.

'विवाह सापडले : १.'

डब्याचं झाकण बंद झालं.

त्या खोऱ्यात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, त्यामुळे रादोवान स्टोयकोविच गल्लोगल्ली. यंत्र आधी सगळे गोळा करी आणि जन्मतारखा पाहून नको ते मग गाळी. पडद्यावर तेवढं लिहायचं वुकाशिनला सुचलं नव्हतं.

'विवाह सापडले : २.'

"जावईबापू, हे काय वाचतेय मी?"

"यंत्र चुकलं असेल, आई."

"चुकलं असतं तर थांबलं असतं. हे तर मोजतंय."

चारचा आकडा आला तेव्हा रांगेतल्या एका म्हाताऱ्याने आदराने टोपी काढली.

बाहेर जाऊन चारचौघांत बोलायचं वुकाशिनला धाडस होईना. त्याने घाईघाईने टंकलं, 'घाबरू नका, आकडा अजून वाढेल आणि शेवटी कमी होईल.' पडद्यावर अर्धीच ओळ मावली : 'घाबरू नका, आकडा अजून वाढेल.'

तो वाढलाही. नऊवर गेला तशी रुझित्सा अंगठी ओढू लागली आणि रादोवानने तिथेच गुडघे टेकले.

"नऊ नाही गं, देवाशपथ. एकच. ऑस्ट्रियात कामाला होतो तेव्हा. उन्हाळाभरसुद्धा टिकलं नाही."

"आणि सोडचिठ्ठी?" बोसिल्काबाईंनी विचारलं.

"ती सही करायला सापडतच नाही."

तेवढ्यात पडदा बदलला. 'जन्मतारीख न जुळणारे वगळले. विवाह : ०. दाखला तयार आहे.' ऑस्ट्रियाची दफ्तरं या यंत्राला कुठून दिसणार?

बोसिल्काबाई ओरडल्या नाहीत. जे काही बोलल्या ते कुजबुजत, म्हणून ते जास्त झोंबलं. मुलीला घेऊन निघताना त्यांनी डबा खिडकीत ठेवला. म्हणाल्या, "हा त्या यंत्राला."

कुणी ओरडलं नव्हतं, तेव्हा नोकरी वाचली. पण वुकाशिनला रुखरुख लागली. त्याने कष्टाने दोष हुडकला आणि सोमवारी साहेबांना भीत भीत सांगितलं, की आता शोध पापणी लवायच्या आत संपेल, आकडे दिसणारच नाहीत.

साहेबांनी बाहेर पाहिलं. बाकांवर भावी सासवा खेटून बसल्या होत्या, मांडीवर डबे, प्रत्येकीशेजारी घाम पुसणारा एकेक जावई. कुणालाच घाई नव्हती.

साहेबांनी गिबानित्साचा तुकडा तोंडात टाकला. "पापणी राहू दे," ते म्हणाले. "आणखी जरा सावकाश होईल का, ते बघ."