हाताच्या खोलीतली भाकरी

एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत ईरप्पा इतकी वर्षं बसला होता, की प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणं हा त्याचा स्वभावच होऊन गेला होता. "मंगळवेढ्याच्या गाडीत—" एवढं कानावर पडलं की हा म्हणायचा, "बसा, सुटायलाच लागली." विचारणारा सकाळच्या गाडीत विसरलेली छत्री शोधत असायचा, आणि घटकाभरानं छत्रीशिवाय मंगळवेढ्याच्या वाटेला लागलेला असायचा.

घरीही तेच. दुष्काळाची दोन वर्षं रेशनची तांबडी मिलो ज्वारी कशीबशी गिळल्यावर त्या साली होळीच्या तोंडावर मेव्हण्यानं मंगळवेढ्याहून नव्या ज्वारीचं पोतं धाडलं. पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी. पहिलं दळण आलं. बायको दाक्षायणी पिठाचा डबा घेऊन स्टुलावर चढली आणि वरून तिनं विचारलं, "अवो, स्टूल धरलंय न्हवं—"

"धरलंय, धरलंय!" ईरप्पा म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत वर्तमानपत्र होतं.

डबा वाचला. दाक्षायणीचं उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर निघेपर्यंत ईरप्पा खानावळीच्या भाकरी चघळत राहिला. ताटात त्या वाजत. कोपऱ्यातलं पोतं मात्र जिथल्या तिथं होतं, आणि जेवताना नेमकं त्याच्यासमोर येत होतं. पाडवा झाला, प्लॅस्टर निघालं, पण दाक्षायणीची बोटं मिटेनात आणि मनगट वळेना. ते बघून ईरप्पालाच जास्त रडू आलं.

"आता दोन वाटा आहेत," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "एक फिजिओथेरपी. दिव्याचा शेक देतात, खांद्यापासून सगळा हात तिथली माणसं हलवून घेतात. दुसरी ती समोरची हाताची खोली. तिथं बोटांवर आणि मनगटावर भर. कपडे पिळणं, गुंड्या लावणं, भाकरी थापणं, असं रोजचंच काम करून घेतात. गुण दोन्हीकडे येईल. मात्र हाताच्या खोलीत—"

"हाताची खोली!" ईरप्पा म्हणाला. भाकरीपुढचं त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

"मला तर शेक बरा वाटतोय," दाक्षायणी हळूच म्हणाली. दिव्याखाली डोळे मिटून बसायचं आणि आपला हात दुसऱ्यानं हलवायचा, असं सुख लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"शेक? सोलापुरात, उन्हाळ्यात? दारात हुबी ऱ्हा की घटकाभर!"

"अवो, डाक्टर काय तरी सांगत हुते—"

"कळलं मला. हाताचं दुखणं, हाताची खोली. त्यात सांगायचं काय?"

डॉक्टरांनी ईरप्पाकडे एकदा नीट बघितलं आणि चिठ्ठी लिहिली.

हाताच्या खोलीतल्या विजयमालाबाईंनी दाक्षायणीची बोटं तपासली आणि विचारलं, "घरचं कोण आहे सोबत?"

"मी की!"

"मग हात धुऊन बसा समोर."

"मी कशाला?"

"डॉक्टर बोलले नाहीत? इथं घरच्या माणसानं समोर बसून तेच काम करायचं, आणि पेशंटनं त्याचं बघून, त्याच्याच वेगानं. सकाळ-संध्याकाळ घरीसुद्धा. ह्यांना भाकरीची सवय आहे. एकट्या सोडल्या तर जोर लावतील आणि मनगट पुन्हा दुखावून घेतील."

"पर मला भाकरी येत न्हाय!"

"उत्तम," बाई म्हणाल्या. "म्हणजे घाई होणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून नव्या ज्वारीचं पीठ घरून डब्यातून हाताच्या खोलीत जाऊ लागलं. दोघांपुढे दोन लाकडी काटवटी. ईरप्पा पीठ मळायचा, दाक्षायणी त्याच्याकडे बघत तेवढंच मळायची. शेजारी अक्कलकोटकडची निंगव्वा अंगठ्याच्या दुखण्यासाठी बसलेली असे. तिला खरं तर चिंधी पिळायची होती, पण ती ईरप्पालाच पिळायची.

"पानी जास्त झालं, पीठ घाल. आता पीठ जास्त झालं, पानी घाल. चालू दे तसंच, पोतं संपंल."

"आजी, तुमी तुमचा अंगठा बघा."

"अंगठा रोजच बघती. असली भाकरी कुटं बघाय मिळती? अय्यो, भाकरीचे काट बघ की! उंदरानं कुरतडल्यागत."

दाक्षायणी पदर तोंडाला लावायची. ईरप्पाला वाटायचं, कळ येत असेल.

हळूहळू खिडकीतही त्याचे तळवे टेबलावर आपोआप थापले जाऊ लागले. एक शेतकरी वैतागून म्हणाला, "सायेब, मी गाडी इचारली. टाळ्या कशापायी?"

घरी मात्र एक गोष्ट झाली होती. भाकरी जाड होती, मधे कच्ची होती, काठाला फाटत होती, पण तव्यावरून थेट ताटात पडत होती. वर शेंगाची चटणी. ईरप्पा आपली आपण खायचा. "तुझी कवा सुरू हुणार?" असं विचारलं, की दाक्षायणी मनगट चोळायची. "जरा कळ येती अजून."

ऊन मे महिन्यातलं झालं. शेवटी ईरप्पानं धीर करून तोंड उघडलं. "बाई, आता आनखी किती—"

"आठवडाभर," विजयमालाबाई म्हणाल्या. "काठ फाटायचे थांबले की झालं."

"काठाचा आन हिच्या हाताचा काय संबंध?"

"ह्यांचा हात तर अक्षय तृतीयेलाच मोकळा झाला."

निंगव्वाच्या हातून चिंधी पडली, इतकी ती हसली.

"मग आमी रोज हितं—"

"ह्याच म्हणाल्या, शिकवणी अर्धवट नको. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कधी चौकशीच केली नाहीत."

संध्याकाळी अंगणात दाक्षायणीनं लुगडं असं करकचून पिळलं, की त्यात थेंब राहिला नाही. मग तिलाच काही वाटलं असावं. पदराला हात पुसत ती आत आली, कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली आणि म्हणाली, "अवो, आजपास्नं भाकरी—"

"करतो, करतो!" ईरप्पा म्हणाला.

दाक्षायणी थांबली. "मी करते म्हनत हुते."

ईरप्पाचा हात तोवर पिठाच्या डब्यावर गेला होता.

"आता तुमी म्हनताच हाय, तर करा," ती म्हणाली. तिनं तेच स्टूल दारात ओढलं, तिरप्या उन्हात हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "मी घटकाभर शेक घेते."