अकरा मिनिटं चादरी

घड्याळमामांच्या कॉम्प्युटरवर मुख्य डॉक्टर तोंड उघडत होते आणि शब्द मात्र त्यांनी तोंड मिटल्यावर बाहेर पडत होते. मधूनच डॉक्टर हात वर करून थिजून जात, चित्राचे चौकोनी तुकडे होत, आणि मग तीन वाक्यं एकदम धावत येत.

"अहो, हे भाषण आहे की उचकी?" मामींनी मागून विचारलं.

"फुटेज हाय-डेफिनिशन आहे," मामा म्हणाले. "कॉम्प्युटरला झेपत नाही."

"मग त्याला झेपेल असं काहीतरी द्या ना!"

मामा पडद्यावरच्या तुकड्यांकडे निरखून बघत राहिले. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांनी छत्तीस वर्षं चालवलं होतं. कानात तास-तासभर टिकटिक ऐकून त्यांच्या स्वभावालाच एक लय आली होती. बिघाड समोर असताना बोलायचं नाही, बघायचं. 'घड्याळमामा' हे नाव त्यांना भाचीने लहानपणी दिलं आणि पुढे सगळ्या नात्यागोत्याने उचललं.

हा व्हिडिओ त्या भाचीसाठीच होता. तिची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. निरोपसमारंभाला सगळे आले, फक्त मुलगी आली नाही. ती दूरच्या शहरात नोकरीला, रजेचं विचारलं तेव्हा ताईच म्हणाली, "येऊ नकोस गं, तासाभराचा कार्यक्रम, त्यासाठी कशाला धावपळ!" ती आली नाही. तेव्हापासून मायलेकींचं फोनवरचं बोलणं हवापाण्यावर येऊन ठेपलं होतं. मामांना ते दिसत होतं. माणसांमधला बिघाड काढणं त्यांना कधी जमलं नव्हतं, पण व्हिडिओ तर आपण बनवू शकतो, असं त्यांनी मनाशी धरलं. भाची रविवारी दोन दिवसांसाठी येणार होती. तोवर फिल्म तयार हवी.

"मामा, मी आल्यावर करते की," भाची फोनवर म्हणाली होती.

"पाहुणीने घरचं काम करायचं? काही नको. तू फक्त बघायचंस."

समारंभात चित्रण मामांनीच केलं होतं. पहिल्या तासात मात्र घोटाळा झाला. कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला की तो थांबला, असा त्यांचा समज. रस्त्यावरचा सिग्नल तसंच सांगतो. त्यामुळे जे टिपायचं ते राहिलं आणि कॅमेरा गळ्यात लोंबकळताना, रिक्षात मांडीवर असताना, चहाच्या वेळी चादरींच्या खोलीत फळीवर ठेवलेला असताना तो इमानेइतबारे चालू राहिला. मामींच्या लक्षात येईपर्यंत एक कार्ड भरलं. दुसरं कार्ड घातलं आणि पुढचं सगळं मात्र नीट टिपलं गेलं: डॉक्टरांचं एकोणीस मिनिटांचं भाषण, परिचारिकांचं गाणं, सत्कार, आणि शेवटी ताईचं मनोगत. ते फार लांबलं नाही. ताई माइकसमोर उभी राहिली, "सर्वांची आभारी आहे," म्हणाली आणि खाली बसली. मेट्रनबाई किती साध्या, असं सगळे म्हणाले. मामांचा कॅमेरा मात्र पुढच्या टाळ्या आणि भेटीगाठी धरून अकरा मिनिटं चालू राहिला, आणि ताईचा तो तुकडा त्यांनी कुठेच कापला नाही.

पहिल्या कार्डातले इस्पितळाचं फाटक, जिना आणि फुलं लावलेला हॉल एवढे तीन तुकडे चुकून बरे आले होते. बाकी चपला आणि फरशी. मामांनी दोन-दोन सेकंद बघून ते बाजूला सारलं. पण पुसलं नाही. निघालेला भाग फेकायचा नसतो, हे घड्याळजीला कुणी शिकवावं लागत नाही.

उचकीवर भाचीने फोनवरच उपाय सांगितला. "मामा, कॅमेरा तरणा आणि कॉम्प्युटर म्हातारा, असं झालंय. काम करताना चित्र जरा हलक्या प्रतीचं दिसेल अशी सोय असते. ती लाव. शेवटी फिल्म निघेल ती चांगलीच निघेल."

ते जमलं. डॉक्टर अंधुक झाले, पण शब्द ओठांवर आले. मामांनी आठ दिवस दुपारी दुकान बंद करून तुकडे कापले, जोडले, प्रत्येकाआधी सुबक अक्षरांत पाटी लावली. 'मान्यवरांचे मनोगत.' 'सत्काराचा क्षण.' आणि शुक्रवारी, काम संपत आलं असताना, कॉम्प्युटरने सांगितलं की डिस्कवर जागाच उरलेली नाही.

इथे मामांमधला टापटिपीचा माणूस जागा झाला. त्यांनी बाहेरून जोडायची एक मोठी डिस्क आणली आणि दोन्ही कार्डांचं सगळं चित्रण उचलून तिच्यावर एकाच फोल्डरमध्ये ठेवलं. कॉम्प्युटरने वाटेत एक प्रश्न विचारला: या नावाची फाइल इथे आधीच आहे, बदलू की दोन्ही ठेवू? मामांनी 'दोन्ही ठेवा' दाबलं. कॅमेरा प्रत्येक कार्डावर फाइलींना पहिल्यापासून आकडे घालतो, एक, दोन, तीन. म्हणजे पहिल्या कार्डातही तीन नंबर असतो आणि दुसऱ्यातही, हे त्यांच्या ध्यानात यायला तेव्हा काही कारण नव्हतं. दुसऱ्या कार्डातल्या फाइलींच्या नावांना कॉम्प्युटरने मुकाट्याने नवं शेपूट जोडलं.

सॉफ्टवेअर उघडलं तर पडदा लालभडक. प्रत्येक तुकड्यावर एकच ओळ: फाइल सापडत नाही.

"गेलं?" मामींनी छातीवर हात ठेवला.

"जातंय कुठे! घर बदललंय, पत्ता कळला नाही त्याला."

भाचीला पुन्हा फोन गेला. "अरे मामा, सोपं आहे. पहिली फाइल कुठे आहे ते तू दाखव. बाकीच्या तो नावावरून आपोआप शोधेल."

त्याने खरंच शोधल्या. लाल रंग एका क्षणात निवळला आणि मामांच्या कपाळावरच्या आठ्याही. शनिवारी सकाळी त्यांनी फिल्म तयार करायला लावली. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर पंख्यासारखा घरघरत होता.

"एकदा सगळी बघून तर घ्या," मामी म्हणाल्या.

मामांनी पहिली तीन मिनिटं बघितली. फाटक, जिना, फुलं. पाकळीवरचा थेंबही दिसत होता. "उत्तम आहे," ते म्हणाले. "सगळीच आज बघितली तर उद्या काय बघू?"

रविवारी दुपारी ताईच्या घरी चौघं टीव्हीसमोर बसली. ताई आरामखुर्चीत, ताठ, वॉर्डात फेरीला आल्यासारखी. भाची तिच्यापासून दोन हात लांब, सोफ्याच्या टोकाला.

फाटक आलं. जिना आला. फुलं आली. मामांनी हळूच भाचीकडे पाहिलं. मग पाटी आली, 'मान्यवरांचे मनोगत', आणि पडद्यावर मामींचे पाय आले. रिक्षात, गुडघ्यापासून खाली.

"हे काय?" मामी म्हणाल्या.

पडद्यावरून त्यांचाच आवाज आला, "अहो, तो लाल दिवा लागलाय बघा." आणि मामांचा, ठाम: "लाल म्हणजे बंद. तुला यंत्रातलं कळत नाही."

भाची फिस्सकन हसली. 'गीत: सहकारी परिचारिका' या पाटीनंतर अनोळखी चपलांची एक रांग शांतपणे चालत गेली. 'सत्काराचा क्षण' म्हणून मामांच्या पोटावरचं शर्टाचं बटण आलं, तेही इतकं स्वच्छ की त्याची चार भोकं मोजून घ्यावीत. मामा घामाघूम होऊन रिमोट शोधत होते. रिमोट भाचीजवळ होता, आणि ती तो देत नव्हती.

मग पाटी आली: 'ताईचे मनोगत'. पडद्यावर पांढऱ्या चादरींचा गठ्ठा. घडीवर घडी, धागान् धागा दिसणारा. चित्र हलेना. दार लागल्याचा आवाज आला, आणि घसा साफ केल्याचा.

"आदरणीय डॉक्टर आणि माझ्या सहकाऱ्यांनो," ताईचा आवाज म्हणाला.

आरामखुर्चीतली ताई दचकली. "अरे, बंद कर ते!"

"थांब आई."

चादरींमागून आवाज येतच राहिला. ताई भाषणाची तालीम करत होती. दोनदा चुकली, दोनदा स्वतःला रागावली. पहिल्या नोकरीच्या दिवशी घातलेले उसने बूट, दगावलेला पहिला रुग्ण, नाव न सांगता बरी होऊन गेलेली एक म्हातारी, सगळं आलं. मग जरा थांबून: "माझी मुलगी आज इथे नाही. मीच तिला येऊ नकोस म्हणाले. तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मी गेले नाही, ड्युटी असायची. ती कधी तक्रार करायची नाही, मला वाटायचं, शहाणी आहे पोर. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. ती बघितल्यावर मला आज कळलं, की पोर लहानपणी स्टेजवरून कुठे बघत असेल."

खूप वेळ नुसत्या चादरी दिसत राहिल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. मग ताईचा नेहमीचा, कामाचा आवाज: "नको. फार होतंय. 'सर्वांची आभारी आहे', एवढं पुरे." दार उघडलं, लागलं. चादरी तशाच राहिल्या.

मामांनी जमिनीकडे पाहिलं.

"तू मला येऊ नको म्हणालीस," भाची शेवटी म्हणाली.

"म्हणाले."

"मग?"

"मग काय मग? जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस. नेमकं तेव्हाच ऐकशील असं मला काय ठाऊक!"

भाची हसायला लागली आणि हसता हसता तिला रडूच फुटलं. ती उठून आईच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. मामी मामांना दंडाला धरून आत घेऊन गेल्या, चहा टाकायला. चौघांच्या चहाला दोन माणसं लागत नाहीत, हे मामांना कळत होतं. तरीही ते गेले.

"माझी चूक झाली," आत गेल्यावर ते म्हणाले.

"झाली खरी," मामी म्हणाल्या. "साखर किती घालू?"

पण मामांना चैन पडेना. भाचीने रजा चार दिवसांनी वाढवली होती, तेवढ्यात त्यांनी फाइलींच्या नावांना लागलेल्या शेपटाचा घोळ शोधून काढला, एकेक फाइल आपल्या हाताने जागेवर बसवली आणि या वेळी फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातात कागद-पेन्सिल घेऊन, दोनदा तपासली. गुरुवारी दुपारी ते ती घेऊन ताईकडे गेले.

या खेपेला 'मान्यवरांचे मनोगत' म्हटल्यावर मान्यवरच आले. डॉक्टरांचा शब्दन् शब्द ओठांवर होता, चष्म्याच्या काचेत हॉलमधले दिवे दिसत होते. कुठे म्हणून अडखळणं नाही. मामा खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले.

"बघ ताई, आता कसं?" भाषणाच्या सहाव्या मिनिटाला ते वळून म्हणाले.

सोफ्यावर ताई डोकं मागे टाकून झोपली होती. तिच्या खांद्यावर भाचीचं डोकं होतं, तोंड किंचित उघडं. दोघींचे श्वास एका लयीत चालले होते.

मामी कुजबुजल्या, "उठवू का?"

मामांनी टीव्हीकडे पाहिलं, मग सोफ्याकडे, आणि आवाज थोडा कमी केला.

"नको. भाषण अजून तेरा मिनिटं आहे. झोपू दे."