निळ्या उजेडातले काळे तुरे

सासूबाई शेडमध्ये शिरल्या आणि दारातच थबकल्या. आत तीन हजार पांढऱ्या कोंबड्या निळ्या दिसत होत्या. भुसा निळा, पाण्याची भांडी निळी, आणि मधोमध उभा असलेला पोल्ट्रीवाला जावईसुद्धा निळा.

"हे काय मांडलंय, जावईबापू?"

"निळा उजेड, आई. यात कोंबडी शांत राहते, भांडत नाही. खाल्लेलं अंगी लागतं."

डोकं शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्याचं होतं. तो वायरमन. त्यानेच पिल्लं आली त्या दिवशी सगळे दिवे बदलून दिले होते आणि बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून चारही बाजूंचे पडदे खाली सोडले होते. त्याला आज बत्तीस दिवस झाले. उद्या सकाळी कोंबड्या न्यायला गाडी येणार होती. आधीच्या दोन खेपा रोगाने गेल्या होत्या. ही तिसरी गेली तर शेडला कुलूप घालायचं, असं पोल्ट्रीवाल्याने बायकोला कबूल केलं होतं.

सासूबाईंनी वाकून एक कोंबडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि झटकन खाली ठेवली.

"हिचा तुरा काळा पडलाय."

"आई, निळ्या दिव्याने तसं दिसतं," मेहुणा म्हणाला.

"मला शिकवू नकोस. पिसं निळी दिसतायत, ते दिव्याने, कबूल. मग तुरा पण निळाच दिसायला पाहिजे ना? काळा कसा? चाळीस वर्षं अंगणात कोंबड्या पाळल्या मी. तुरा काळा पडला की कोंबडी संध्याकाळ बघत नाही."

हिशेब बिनतोड होता. पोल्ट्रीवाल्याने दुसरी कोंबडी उचलली. काळा तुरा. तिसरी, दहावी, कोपऱ्यातली. सगळ्यांचे तुरे काळे. रोज दाणा-पाणी करताना तुऱ्यांकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. सासूबाई त्याला कशातच मानत नसत, पण कोंबडीच्या बाबतीत तो त्यांना मानत असे.

त्याने कोंबड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सगळ्यांचे तुरे काळे?" डॉक्टरांचा आवाज बदलला. "मग एकही पक्षी बाहेर काढू नका. पडदे वर करू नका. आत जे असतील त्यांनी आतच थांबा. निघालोच मी."

चहा घेऊन आलेली बायको दाराशी पोचली, तर आतून कडी.

"अहो, चहा आणलाय!"

"तू लांब हो! आत रोग शिरलाय!"

"आणि आई?"

"त्यापण आतच आहेत."

"बरं झालं, तुम्हाला सोबत आहे," असं बायको म्हणाली खरी, पण तिचा आवाज रडवेला होता.

आत तिघं पोत्यांवर बसले. कोंबड्या मात्र निवांत दाणे टिपत होत्या. मग मेहुणा आईकडे टक लावून बघायला लागला.

"आई, तुझे ओठ काळे पडलेत."

"काय?"

"आणि दाजी, तुमचे पण!"

तिघांनी एकमेकांची तोंडं पाहिली. शंकाच नव्हती. सासूबाईंनी पदराने ओठ खसखसून पुसले आणि विचारलं, "गेले का?" दोघांनी माना हलवल्या. गेले नव्हते.

सासूबाई पोत्यावर मागे रेलल्या आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, आता काय लपवायचं? माणूस तुम्ही चांगले आहात. माझ्या लेकीला कधी दुखवलं नाहीत. मीच तेरा वर्षं मुद्दाम तोंड वाकडं ठेवलं. म्हटलं, गोड बोललं तर जावई डोक्यावर बसतो."

पोल्ट्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोंबड्यांसाठी की सासूबाईंसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टर आत आले ते डोक्यापासून पायापर्यंत झाकून. तोंडाला मास्क, हातात मोजे. त्यांनी एक कोंबडी उचलली, वर दिव्याकडे पाहिलं, मग त्या तिघांच्या ओठांकडे. मग कोंबडी बगलेत मारून ते उन्हात गेले. तिघं दबकत त्यांच्या मागे.

उन्हात कोंबडीचा तुरा लालबुंद होता. पिकलेल्या मिरचीसारखा.

"लाल रंग निळ्या उजेडात काळाच दिसतो," डॉक्टर मास्क काढत म्हणाले. "तुरा असो की ओठ. त्याला लाल दिसायला पांढरा उजेड लागतो. अहो, कोंबड्या ठणठणीत आहेत!" मग त्यांनी ती हातावर तोलली. "आणि जड आहेत. गाडी येऊ द्या खुशाल."

पोल्ट्रीवाला तिथेच मातीत मटकन बसला आणि हसायला लागला. बायको त्याच्या शेजारी बसली आणि तिने तो गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला. मेहुणा मोबाइलच्या काचेत आपले ओठ पुन्हा पुन्हा बघत होता.

सासूबाई तेवढ्या अवघडून उभ्या होत्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी जावयाला बाजूला घेतलं.

"मघाशी मी काहीबाही बोलले..."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. शब्दन् शब्द त्याच्या कानात होता.

"कधी, आई? आत कोंबड्यांचा एवढा कलकलाट, मला काहीच ऐकू आलं नाही."

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग कपाळाला नेहमीची आठी घालून म्हणाल्या, "कान तपासून घ्या एकदा. आणि असे मातीत काय बसता लहान पोरासारखे? कपडे बघा!"

"हो आई," पोल्ट्रीवाला म्हणाला, आणि कपडे झटकताना त्याला हसू काही आवरेना.