शिरसाठ भाऊ आणि मुदत संपलेली नावं

आमच्या सोसायटीत कुणी वारलं, की शिरसाठ भाऊ भेटायला येतात, चपला नीट जोडून ठेवतात, खुर्चीच्या टोकावर बसतात आणि विचारतात, "त्यांच्या नावावर एखादं डोमेन होतं का?"

तळमजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हाही त्यांनी विचारलं होतं. आजींना साधा फोन उचलायला सून लागे. सून म्हणाली, "नाही हो, गुडघेदुखी होती फक्त." शिरसाठांनी मान हलवली. एक काळजी मिटली, अशी.

डोमेन म्हणजे वेबसाईटचं नाव. ते कायमचं मिळत नाही. एखाद्या कंपनीकडे नोंदवायचं आणि मुदत संपली की वाढवत राहायचं. विसरलं तर ते काही काळ लटकत राहतं, मग सुटतं आणि कुणीही उचलतो. शिरसाठ अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. निवृत्तीनंतर ते लोकांची अशी लटकलेली नावं सांभाळतात. पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याचं नाव त्यांनी त्याच्याच साखरपुड्यात, पंगत चालू असताना सोडवलं. त्याला जिलबी खाली ठेवून ओटीपी सांगावा लागला.

नावांबद्दल ते आजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. "धुगधुगी आहे अजून." "ह्या कंपनीत याचं काही खरं नाही, दुसरीकडे हलवू." कुणी हसलं, तर हसणं संपेपर्यंत थांबतात आणि पुढचं वाक्य बोलतात.

श्रीधर गेले, तेव्हाही ते आले. प्रश्न ठरलेलाच होता. या वेळी उत्तर 'हो' होतं.

माझे पती श्रीधर शाळेत शिकवत. सुट्टीत पेठच्या डोंगरात हिंडत, रानभाज्यांचे फोटो काढत, तिथल्या बायकांना नावं आणि कृती विचारून वेबसाईटवर लिहीत. लोक पानांचे फोटो मेलवर पाठवून विचारत, 'ही खाल्ली तर चालेल का?' श्रीधर प्रत्येकाला उत्तर देत. मी लॅपटॉप उघडला. वेबसाईटच्या जागी कसलीशी जाहिरात होती.

"संपलंय," शिरसाठ म्हणाले. "पण गेलं नाही. बसा वहिनी, आत्ताच करू."

त्या दिवसांत माझ्याशी जो तो गेलेल्याबद्दल बोलत होता. न गेलेलं काही आहे, असं म्हणणारे हे पहिलेच. मी चहा टाकला.

अडचण अशी होती, की मुदतीच्या सगळ्या सूचना श्रीधरांच्या मेलवर जात होत्या आणि तो मेलचा पत्ता त्याच डोमेनचा होता. नाव बंद, म्हणून मेल बंद. मेल बंद, म्हणून नाव दुसऱ्या कंपनीत, माझ्या नावावर हलवण्याचा कोड मिळेना. शिरसाठांनी कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला.

"सर, जिनके नाम पे है उनसे बात कराइए."

"ते वारले."

"ओके सर. कब तक अवेलेबल होंगे?"

शिरसाठांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काय सांगू?"

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. शिरसाठ थांबले, आणि मग फोनला म्हणाले, "ते नाही होणार. मुदत वाढवायचे पैसे कुणीही भरलेले चालतात ना? मग मी अवेलेबल आहे."

पैसे भरले. नाव जागं झालं, मागोमाग मेलही. त्यात कोड आला, 'नमस्कार श्रीधर' अशा सुरुवातीचा. शिरसाठांनी तो दुसऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये भरला. "आता मालक म्हणून तुमचं नाव टाकतो," ते म्हणाले.

मला 'टाका' म्हणता येईना. शिरसाठ खिडकीतून रस्त्यावरचा टेम्पो बघू लागले. टेम्पो निघून गेला, तरी बघत राहिले.

"टाका," मी म्हणाले.

त्यांनी टाकलं. चार-पाच दिवसांत नाव नव्या कंपनीत पोचलं. ते सांगायला आले, तेव्हा एक रकाना बाकी होता. मालकाशी संपर्क झाला नाही, तर कुणाला कळवायचं?

"भाचा वगैरे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. लिहा तुमचं."

ते टाइप करायचे थांबले. मग स्वतःचा पत्ता अक्षर-अक्षर भरला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तुमच्या स्वतःच्या डोमेनला तिथे कुणाचं आहे?" मी विचारलं.

"मुलाचं होतं. त्या पत्त्यावरचे मेल परत येतात."

"मग माझं लिहा."

ते उठले. चपला घालून खाली आपल्या घरी गेले. थोड्या वेळाने माझ्या मेलमध्ये कंपनीचं पत्र आलं. अमुक व्यक्तीने तुम्हाला संपर्क म्हणून नेमलं आहे, मान्य असल्यास खालचं बटण दाबा.

मी दाबलं.

खालून, जिन्याच्या पोकळीतून आवाज आला, "पोचलं, वहिनी! परत नाही आलं!"