धोंड्याच्या महिन्यात एसीचा फिल्टर

गाडीच्या एसीचा फिल्टर बदलायला मेकॅनिक लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते! मी पाथरीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. नाकातले केस धूळ कशी अडवतात, ते आठवीच्या वर्गाला फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवतो. गाडीचं नाक साफ करायला मला दुसऱ्या कुणाची गरज काय?

खरं कारण वेगळंच होतं. आमच्या गाडीत वास यायचा. राजेश्री, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणायची, ओल्या पोत्याचा. मला विचाराल तर थोडासाच यायचा. पण दिवाळीत दैवशालामामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गाडीत एक पाय टाकला, नाकाला पदर लावला आणि तोच पाय मागं घेतला.

"भागवतराव, गाडीत उंदीर मेलाय का?" असं म्हणाल्या आणि जाऊन बसल्या कुठं? तर धाकट्या जावयाच्या, माऊलीच्या गाडीत! थोरला जावई मी, मान माझा, आणि सासू धाकट्याच्या गाडीत! तेव्हापासून सोनपेठला कुठलंही कार्य निघालं की हाच थाट. माऊली पुढे, खिडकीतून कोपर बाहेर काढून. मी मागे, त्याची धूळ खात.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेकी-जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. तेवढ्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याचे पाय धुतात, त्याला ओवाळतात आणि मुख्य म्हणजे नारायणाला कुणी उलटून बोलत नाही. सासरे रामकिशनमामा एरवी माझ्याशी फार तोलून-मापून बोलतात अशातला भाग नाही, पण या महिन्यात तेही मवाळ होतात.

मामांचा फोन आला. "आधी समद्यांनी गंगाखेडला गोदागंगेवर जाऊन आंघोळी करू, मंग घरी येऊन जेवण. दोघं बी गाड्या घेऊन या."

"मामी माझ्या गाडीत बसतील का?" मी विचारलं.

मागून मामींचाच आवाज आला, "वास गेला असंल तर बसते म्हनावं!"

झालं! गाडी मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "सर, एसीचा फिल्टर खराब झालाय. गाडी ठेवून जा." मी म्हटलं, "गाडी राहू दे, फिल्टर तेवढा दे!"

रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि पेचकस घेऊन डाव्या सीटपुढं खाली मान घातली. व्हिडिओतला माणूस म्हणाला, समोरचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबा, अलगद खाली येईल. मी दाबला. तो अलगद आला नाही. धाडकन आला, आणि त्यातलं सगळं माझ्या तोंडावर आलं! विम्याचे कागद, हळदीकुंकवाची पुडी, तिळाचे लाडू, जे संक्रांतीचे होते पण कुठल्या संक्रांतीचे ते कळेना.

"आवो, काय करायलात?" राजेश्री धावत आली. माझं तोंड कुंकवानं लाल पाहून तिनं आधी किंकाळी फोडली, मग पोटभर हसली.

जुना फिल्टर बाहेर ओढला तर उंदीरमामांनी त्यात संसारच थाटलेला! सरकीसकट कापूस, शेंगांची टरफलं आणि तळाशी मऊ अंथरूण म्हणून हिरव्या खणाची लक्तरं.

"हा तर आईनं ओटीत घातलेला खण!" राजेश्री ओरडली. "अन् मी वर्षभर तुमच्या बहिणीवर आळ घ्यायलेय!"

माझ्या बहिणीची अब्रू त्या फिल्टरनं परत मिळवून दिली, हे इथं नमूद करतो.

आता नवा फिल्टर. पांढरा शुभ्र, घडीवर घडी, वर चकचकीत पारदर्शक कव्हर. नव्या वस्तूची आमच्या घरात फार काळजी घेतली जाते. म्हणजे मी घेतो. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. बटणांवरची अक्षरं दिसत नाहीत, पण रिमोट नवा आहे. गाडीला चौथं वर्ष चालू आहे, पण सीटांवरचं प्लास्टिक शाबूत. उन्हात चिकटतं जरा, पण सीट नवीच्या नवी! तेव्हा इतका सुंदर फिल्टर पहिल्याच दिवशी धुळीत लोटायचा माझा जीव होईना. त्याला जपून, जसाच्या तसा, आत सरकवला. बाण बरोबर दिशेला केला. कप्पा बसवला. एक क्लिप उरली, ती खिशात टाकली. कंपन्या एखादी जास्तच देतात.

एसी लावला. वास? नावालाही नाही! मी राजेश्रीला हाक मारली. "घे वास!"

तिनं जाळीपुढे नाक नेलं. "वास न्हाई, पण हवा बी येईना की!"

"नवा फिल्टर आहे. बारीक गाळतोय. रुळायला वेळ लागेल," मी समजावलं. विज्ञानाच्या शिक्षकाशी कोण वाद घालणार?

ठरल्या दिवशी सोनपेठला पोचलो. ऊन असं की अंगणातलं कुत्रंही सावली सोडेना. मामींनी गाडीचं दार उघडलं, आत डोकं घालून हुंगलं, पुन्हा हुंगलं. मी श्वास रोखून उभा.

"न्हाई बाई वास!" मामी म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. माझ्या गाडीत! मी माऊलीकडे बघितलं. त्यानं कोपर आत घेतलं. मामा आणि राजेश्री मागं बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझी गाडी पुढं निघाली.

"काचा बंद ठेवा," मी जाहीर केलं. "धूळ आत आली तर फिल्टरचा उपयोग काय?" आणि कुणी चुकून उघडू नये म्हणून काचांचं कुलूपबटणही दाबून टाकलं.

गावाबाहेर पडेपर्यंत मामींचं कपाळ ओलं झालं. मी अगत्यानं विचारलं, "मामी, गार लागतंय ना?"

मामींनी एकदा मागं मामांकडे पाहिलं. नारायणाला नाही कसं म्हणायचं? "लय गार लागायलंय, भागवतराव!"

"मामा, तुम्हाला?"

"मस्त!" मामा म्हणाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि पाठ सीटच्या प्लास्टिकला.

"फार गार होत असेल तर कमी करू?" आणि कुणी काही म्हणायच्या आत मी, सासू-सासऱ्यांच्या काळजीपोटी, पंखा एकवर आणला.

मागून राजेश्री म्हणाली, "आवो, जरा काच—"

"तू गप!" मामी तिच्यावरच खेकसल्या. "जावयाला टोकू नये या महिन्यात!"

माझा ऊर भरून आला. घामानं माझेही डोळे झोंबत होते, पण तो मी आनंदाचा समजलो. मामी पदरानं वारा घेऊ लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माशी हाय." थोड्या वेळानं मामा पुटपुटायला लागले. देवाचं नाव घेत होते. गंगेवर निघालोय, भाव जागा झाला असेल, असं मला वाटलं.

गंगाखेड जवळ आलं तशा मामी डावीकडं कलल्या. मान दारावर टेकली. "मामी, झोप लागली का? गार हवेनं लागतेच!" मी म्हणालो.

"झोप न्हाई वो!" राजेश्री किंचाळली. "आईला चक्कर यायलीय! थांबवा गाडी!"

मी करकचून ब्रेक मारला, आणि समोरचा कप्पा धाडकन सुटून मामींच्या मांडीवर पडला! उरलेली क्लिप कशासाठी होती ते तेव्हा कळलं. राजेश्रीनं उतरून पुढचं दार उघडलं. मामींना लिंबाखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. सासूला गाडीत बसवायच्या हट्टापायी सासूच गमावतो की काय! पण मामींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "जावईबापू नाराज तर न्हाई ना झाले?"

मागून माऊलीची गाडी येऊन थांबली. राजेश्री मात्र आमच्या गाडीत वाकून बघत होती. "कप्प्याच्या मागं हे काय चमकायलंय?" तिनं हात घालून ओढलं. हातात माझा फिल्टर आला. पांढरा शुभ्र, डाग नाही, चकचकीत पारदर्शक कव्हरात!

"पिशवी काढली न्हाई तुमी?" तिनं विचारलं.

"नवा होता गं," मी म्हणालो.

माऊलीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. नारायणानं नारायणाला हसायला बंदी नसते.

मामा सदरा पाठीपासून सोडवत माझ्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मग त्यांनी मामींना विचारलं, "धोंड्याचा महिना कवा संपतोय गं?"

"आवसेला," मामी म्हणाल्या.

"बरं," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्याशी दुसरा शब्द बोलले नाहीत.

गंगेवर आंघोळी उरकल्या. परतीच्या वाटेवर मामी कुणाच्या गाडीत बसतील, हे मला विचारायची हिंमतच नव्हती. पण त्या आल्या आणि गुमान माझ्याच गाडीत पुढं बसल्या. आधी सीटवरचं प्लास्टिक नखांनी टराटरा फाडलं, गोळा करून माझ्या हातात दिलं, मग म्हणाल्या, "चला आता." फिल्टर पिशवीविना बसला होता. एसीचा झोत सुटला आणि मामी म्हणाल्या, "गार लागायलंय."

मी गाडी बाजूला घेतली. "मामी, खरं सांगा!"

"खरंच गार हाय हो, गंगामायची आन!" मामी हसल्या. खोटं कशाला सांगू, मला तिथं रडूच आलं. घरी आल्यावर माझे पाय धुतले, ओवाळलं, धोंडे वाढले. मामांनीही वाढले, पण मुकाट्यानं.

अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच मामांचा फोन वाजला. राजेश्रीनं उचलला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर ठेवून पदर खोचून बसली.

"भागवतराव," मामा म्हणाले, "बसला का? बसा!"

पुढचं छापण्यासारखं नाही. चहा निवला तरी बोलणं संपेना. हाताला चाळा म्हणून मी टीव्हीच्या रिमोटची पिशवी सोलत बसलो. त्यावर आवाज कमी करायचंही बटण आहे, हे मला तेव्हा कळलं. दाबून पाहिलं. मामांवर चालत नाही.