उपदेशाचा परवाना

त्या राज्यात दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसाचा गाडीचा परवाना काढून घेत नाहीत, उपदेशाचा काढून घेतात.

कारण साधं आहे. राज्य अमेरिकेच्या मधोमध, माणसांपेक्षा मका जास्त. दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. बस नावाची वस्तू फक्त शाळकरी मुलांसाठी. माणसाची गाडी बंद केली की नोकरी जाते, नोकरी गेली की तो घरी बसतो, आणि घरी बसला की आणखी पितो. हे ध्यानात आल्यावर तिथल्या विधिमंडळाने ठरवलं, की शिक्षा अशी हवी जी गुन्हेगाराला लागेल आणि बाकीच्यांना सुखाची जाईल. प्रौढ माणसाला गाडीखालोखाल काय प्रिय असतं याची पाहणी झाली. उत्तर एकमताने आलं.

उपदेशाचा परवाना मिळवायला परीक्षा नसते. ठरावीक वय झालं की तो घरपोच येतो. डोकं तपासत नाहीत.

मुकुंद सबनीस यांना हा कायदा तोंडपाठ होता. मराठी मंडळाच्या दर कार्यक्रमात नव्याने आलेल्या पोरांना कोपऱ्यात घेऊन ते तो समजावून सांगत. हातात ग्लास असे. त्यांचा मुलगा ओजस, तिसऱ्या सहामाहीत विद्यापीठ सोडून टायरच्या दुकानात लागलेला, हे लहानपणापासून ऐकत आला होता. त्याला कायदा कळला होता. ग्लासाचं काय करायचं ते कळलं नव्हतं.

कोजागिरी दिघेकाकांच्या घरी होती. वरच्या मजल्यावर बायका, पोरं आणि मसाला दूध. खाली तळघरात पुरुषमंडळी. त्यांच्याही ग्लासात दूधच आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं, अशी त्या गावातली जुनी रीत. खाली विषय होता आजची पिढी. आजच्या पिढीला शिस्त नाही यावर पहिला ग्लास संपला, संस्कार नाहीत यावर दुसरा. आजच्या पिढीला नेमकं काय आहे हे सांगण्याच्या अवस्थेत तिसऱ्यानंतर कोणी उरलं नव्हतं.

निघताना ओजसने हात पुढे केला. "बाबा, किल्ली दे. मी चालवतो."

"कोण? तू?" बाबा सगळ्यांकडे बघत म्हणाले. "ज्याला चार वर्षांचा कोर्स धड चालवता आला नाही, तो गाडी चालवणार?"

तळघर हसलं. दिघेकाका तर इतके हसले की त्यांना बसावं लागलं. आई वर दाराशी चपला घालत होती. आईकडेही उपदेशाचा परवाना होता, अगदी कोरा करकरीत. तिने तो कधी बाहेर काढलाच नव्हता.

तिसऱ्या वळणावर गाडी कुणाची तरी टपालपेटी घेऊन मक्यात शिरली. आईला आणि बाबांना खरचटलंसुद्धा नाही. ओजसच्या डाव्या हाताचं हाड मोडलं.

पोलीस आला. त्याने विचारलं, किती प्यायलात?

"मी पीत नाही," बाबा मक्यात ताठ उभं राहून म्हणाले. "घेतो."

पोलिसाने फोनवर सरकारी दुभाषीबाई बोलावल्या. त्यांनी हे प्रामाणिकपणे पोचवलं, की साहेब मद्यपान करत नाहीत, ते मद्य फक्त स्वीकारतात. पोलीस विचारात पडला. मग किती स्वीकारलंत, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, दोन. पोलिसाने फुंकायचं यंत्र पुढे केलं. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. त्या राज्यात गाडी रस्त्यावर आणली म्हणजे फुफ्फुसं सरकारला वापरायला दिली असं समजतात. यंत्राचं मत वेगळं पडलं. कायद्याने चालतं त्याच्या दुपटीहून जास्त.

चौकीपर्यंतच्या रस्त्यात बाबांनी फोनवरच्या दुभाषीबाईंमार्फत पोलिसाला निवृत्तीनंतर पैसे कुठे ठेवावेत, कमरेला काय चोळावं आणि मुलांना फार लाडावून का ठेवू नये, हे सांगितलं. मद्याच्या अमलाखाली उपदेश, असं जादा कलम लागलं.

सुनावणीला ओजस गेला, कारण पीडित म्हणून त्याला बोलावणं होतं. हात गळ्यात बांधलेला. त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याने आईला गाडीतच सांगून टाकली होती: बाबाने एकदा म्हणावं, चुकलं माझं. दोन शब्द. प्लास्टर निघेपर्यंत वाट बघेन. नाही म्हणाला, तर दुकानाच्या वर खोली रिकामी आहे, तिकडे जाईन.

"अरे, ते मनातून म्हणालेच असतील," आई म्हणाली.

"मनात मीपण बरंच म्हणतो, आई."

न्यायाधीश बाईंनी विचारलं, काही सांगायचंय? बाबा उठले. "मला मर्यादित परवाना मिळावा."

बाईंनी दुभाषीबाईंकडे बघितलं. "ही विनंती आहे की उपदेश?"

दुभाषीबाई जरा घुटमळल्या. मराठीत दोन्ही एकाच सुरात करतात, असं त्यांनी सांगितलं. कोर्टाने संशयाचा फायदा दिला.

मर्यादित परवाना म्हणजे कामापुरता. कुणाला ऑफिसात हाताखालच्यांना सांगण्याइतका मिळतो, कुणाला दवाखान्यात. बाबांनी घरगुती कारण दिलं. "घरी हा मुलगा आहे. शिक्षण सोडलंय. मी बोललो नाही तर वाया जाईल."

बाई ओजसकडे वळल्या. "तुम्हाला यांचा उपदेश कधीपासून मिळतो?"

"जन्मापासून."

"परिणाम?"

ओजसने गळ्यातला हात जरा वर केला.

अर्ज फेटाळला. एक वर्ष संपूर्ण बंदी, गळ्यात यंत्र आणि दर शनिवारी वर्ग. उठता उठता बाई म्हणाल्या, "मिस्टर सबनीस, माफी मागायला मात्र परवाना लागत नाही. ती सगळ्यांना खुली आहे. आत्ता, इथेसुद्धा."

कोर्ट थांबलं. ओजसही थांबला. बाबा दुभाषीबाईंकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाईंना सांगा, आमच्यात तशी पद्धत नाही."

यंत्र काडेपेटीएवढं होतं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं, चोवीस तास गळ्यात. "मला एक आहेच," आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "आता यांनाही." यंत्रात मराठी भरलेली होती. करावं, जावं, बोलू नये, पाहिजे, असलं क्रियापद कानावर आलं की ते पिंक् करायचं आणि ज्याला उद्देशून बोललं गेलं त्याला सभ्य आवाजात विचारायचं, "उपदेश होता का?" त्याने "होता" म्हटलं की बंदी वाढली. "नव्हता" म्हटलं की प्रकरण मिटलं. 'जपून जा' एवढं चालायचं. रक्तात थोडी दारू जशी कायदा खपवून घेतो, तसं.

ओजसने पहिल्या महिन्यात आठ वेळा "होता" म्हटलं. आठही वेळा त्याला जेवण गोड लागलं.

बाबांनी पळवाटा शोधल्या. सरळ सांगता येत नाही तर आठवणी सांगायच्या. "आमच्या वेळी आम्ही दिव्याखाली बसून..." पिंक्. आमच्या वेळी म्हणजे भूतकाळातला उपदेश, हे यंत्राला ठाऊक होतं. मग ते ओजसच्या उघड्या लॅपटॉपकडे बघून खोकू लागले. कंपनीने दुरुस्ती पाठवली, आणि सूचक खोकलाही धरला जाऊ लागला. त्यांना खरा खोकला झाला तेव्हा पंचाईत झाली. डॉक्टरांनी दाखला दिला, की या गृहस्थांच्या घशात कफ आहे, मत नाही.

मग दिघेकाका आले. कोजागिरीच्या रात्री ते स्वतःच्याच घरी सोफ्यावर झोपले होते, म्हणून त्यांचा परवाना शाबूत होता. सोफ्यावर बसून त्यांनी घसा साफ केला. "ओजस बेटा, हे मी माझं सांगत नाहीये. मुकुंदच्या मनात आहे, की तू परत कॉलेजला..."

पिंक्, बाबांच्या गळ्यातून. "आपला परवाना दुसऱ्याला वापरायला देणं गुन्हा आहे, देणाऱ्याचाही जातो," यंत्र म्हणालं. "उपदेश होता का?"

"काका, होता म्हणू?" ओजसने विचारलं. "पुढच्या महिन्यात तुमच्या मुलीचं लग्न आहे ना? तिला काही सांगायचं असेल."

दिघेकाका चहा न घेता गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवारच्या वर्गात उपदेशाशिवाय कसं बोलायचं ते शिकवायचे. पहिला धडा, 'आज वारा आहे.' दुसरा, 'हे छान झालंय.' तिसरा, 'तुला काय वाटतं?' बाबा पहिल्यात उत्तम पास झाले. दुसऱ्यात काठावर, कारण ते 'हे छान झालंय, पण' असं म्हणत. तिसऱ्यात नापास. शिक्षक म्हणाले, म्हणा, तुला काय वाटतं? बाबा म्हणाले, "तुला काय वाटतं, असं वागून आयुष्य निघेल?"

घरी शांतता झाली. आधी ओजसला ती सुट्टीसारखी वाटली. नंतर त्याच्या लक्षात आलं, की उपदेश वजा केला तर बाबाकडे त्याच्यासाठी वाक्यच शिल्लक नाही. बावीस वर्षांत दुसरं काही तयारच केलं नव्हतं माणसाने. दोघं समोरासमोर जेवायचे. बाबा घास घ्यायचे, पाणी प्यायचे, तोंड उघडायचे, मिटायचे.

"आज वारा आहे," ते म्हणायचे.

"आहे," ओजस म्हणायचा. या गावात वारा नसलेला दिवस त्याने पाहिला नव्हता.

एकदा टायरच्या दुकानातून आला तेव्हा बाबा दारात उभे होते. ते त्याच्या प्लास्टरकडे बघत होते. "वारा," ते म्हणाले, आणि पुढचं विसरले.

प्लास्टर शुक्रवारी निघालं. हात बारीक आणि पांढुरका दिसत होता, दुसऱ्या कुणाचा तरी लावल्यासारखा. ओजसने घरी येऊन बॅग भरली आणि दाराशी आणून ठेवली. आईने बॅग बघितली, आणि वरणाला फोडणी दिली. ती तिची पद्धत. घर जळालं असतं तरी तिने आधी फोडणी दिली असती.

जेवायला बसल्यावर ओजस म्हणाला, "बाबा, मी आज जातोय. खोलीवर. आईला सांगितलं होतं कशासाठी थांबलो होतो ते. तिने तुला सांगितलं असेलच."

बाबांनी मान हलवली. सांगितलं होतं.

"मग?"

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं. वारा होता, पण ते तसं म्हणाले नाहीत. मोकळ्या झालेल्या त्या हाताकडे त्यांनी जरा वेळ बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. ओजसने बाबाला पोलिसासमोर, न्यायाधीशासमोर, आडव्या झालेल्या मक्यातसुद्धा घाम आलेला पाहिला नव्हता. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि बाबा फार सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे म्हणाले:

"चूक झाली... तर माणसाने... ती कबूल करावी."

पिंक्.

"उपदेश होता का?" यंत्राने ओजसला विचारलं.

आईचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. ओजस बाबाकडे बघत राहिला. 'करावी' होतं. धडधडीत विध्यर्थ. शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. पण बाबाच्या हनुवटीखाली ते यंत्र थरथरत होतं. यंत्रं आपणहून थरथरत नाहीत.

"उपदेश होता का?" यंत्राने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ते विचारत नसे.

"नव्हता," ओजस म्हणाला.

यंत्राने हिरवा दिवा लावला. आईने श्वास सोडला. बाबांनी मान वर केली, डोळे पुसले, आणि कपाळाला आठी घालून मुलाकडे बघितलं.

"ओजस," ते म्हणाले, "खोटं बोलू नये."

पिंक्.

"होता," ओजस म्हणाला, आणि ताट पुढे ओढलं.

यंत्राने सहा महिने वाढवले. आईने भात वाढला.