आबांचा खोकला

"मिशीला हात लावू नको रे रवी," मोतीराम खुर्चीत मान मागे टाकत म्हणाला. "कंटिन्यूटी आहे."

सातपूरच्या त्या सलूनमध्ये दोनच खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीत जयराम पगारे तोंडाला फेस लावून आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. मोतीरामचा तो शब्द त्याने मनातल्या मनात एकदा म्हणून बघितला.

रवीने वस्तरा थांबवला. "म्हणजे काय काका?"

"अरे, शूटिंग संपेपर्यंत केस, मिशी सगळं जसंच्या तसं ठेवावं लागतं. आज झुपकेदार आणि उद्या बारीक, असं नाय चालत. चॅनलवाले ओरडतात."

"म्हणजे तुमची मिशी आता चॅनलची?"

"तसंच समज," मोतीराम म्हणाला आणि आरशातून जयरामकडे बघून हसला. जयरामही हसला, पण फेसामुळे ते कोणाला दिसलं नाही. बरंच झालं, कारण ते हसू काही खरं नव्हतं.

जयराम सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि मोतीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. आता दोघेही रिटायर झालेले. तीस वर्षं दोघांनी कामगारांच्या नाट्यस्पर्धा गाजवल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाच्या मते त्याने स्वतः गाजवल्या होत्या आणि दुसरा सोबत होता. सासरे, फौजदार, मास्तर, वेडे, गावचे पाटील, नायक सोडून सगळं काही त्यांनी केलं. जयरामकडे उत्तेजनार्थ बक्षिसाची तीन प्रमाणपत्रं होती आणि मोतीरामकडे दोन. त्या एका जादा प्रमाणपत्राच्या बळावर जयरामने ही मैत्री आजवर मोठ्या मनाने टिकवली होती.

मग गिरणाऱ्याकडच्या एका द्राक्षमळ्यात टीव्ही मालिकेचं शूटिंग सुरू झालं आणि सगळा हिशेब बिघडला. मालिकेचं नाव इतकं लांबलचक होतं की जयरामची बायको सुलाबाई तिला नुसतं 'ती द्राक्षांची' म्हणायची. घरातल्या म्हाताऱ्या आबांच्या भूमिकेसाठी दोघेही ऑडिशनला गेले. वाक्य एकच होतं, "सूनबाई, पाणी दे." जयरामने ते कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं असं म्हटलं. आवाजाची नोंद घेणाऱ्या माणसाने कानातलं यंत्र काढून ठेवलं. मोतीरामला त्या दिवशी घसा बसल्यामुळे मोठ्याने बोलताच आलं नाही. त्याची निवड झाली.

"घसा बसला म्हणून घेतला त्याला," जयराम घरी येऊन म्हणाला. "अभिनय बघून नाय."

"मग तुम्ही पण बसवायचा होता," सुलाबाई मेथी निवडत म्हणाली.

कॉलनीतल्या लोकांनी एकदा, फक्त एकदा, आपलं तोंड टीव्हीवर बघावं, एवढीच जयरामची इच्छा होती. त्या जागी आता मोतीरामचं तोंड येणार होतं. सलूनमधून बाहेर पडताना मोतीरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जयराम, मला एकच वाक्य दिलंय रे. लोकांच्या लक्षात राहायला काय करू? तुझा अनुभव दांडगा."

जयरामच्या मनात काळं आलं. नाटकात सगळ्यात मोठं पाप म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यात खोकणं. एकदा फौजदाराचं काम करणाऱ्याने त्याच्या वाक्यात शिंक दिली होती, तर जयराम वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता.

"खोक," तो म्हणाला. "हिरोईन बोलायला लागली की तू खोकायचं. चांगलं दणदणीत."

"डायरेक्टर रागावणार नाय ना?"

"रागावेल कशाला? उलट लक्षात राहशील भो."

मोतीराम उद्याच्या उद्या मळ्यातून हाकलला जाईल, या आनंदात जयरामने त्या दिवशी दोन भाकरी जादा खाल्ल्या.

झालं भलतंच. हिरोईन रडत रडत आपलं दुःख सांगत होती आणि पाठीमागे आबा खोकले. हिरोईन दचकली, आपोआप वळली आणि पाणी आणायला धावली. डायरेक्टर खुर्चीतून उठून म्हणाला, "व्वा! हे घर आता खरं वाटतंय." मोतीरामचं चार दिवसांचं काम चाळीस भागांचं झालं. लेखक कागदावर चक्क लिहून देऊ लागला, 'आबा खोकतात.' महिन्याभरात कॉलनीत हवं ते खोकून मागायची रीतच झाली. जयरामची नात पिंकी पाणी हवं असलं की तोंडाने सांगायची नाही, खोकायची.

"नीट बोल!" जयराम तिच्यावर खेकसला.

"आबा असंच मागतात," पिंकी म्हणाली.

जयराम हार मानणाऱ्यातला नव्हता. पुढच्या आठवड्यात मोतीराम पुन्हा सल्ला मागायला आला, तेव्हा त्याने सांगितलं, "आता हात थरथरू दे. चहाचा कप हातात असताना."

"कुठे सांडला तर?"

"सांडू दे की! म्हाताऱ्याच्या हातून सांडतोच."

तो सांडला, आणि नेमका सासूबाईंचं काम करणाऱ्या बाईंच्या भारी पैठणीवर. बाई खऱ्याखुऱ्या किंचाळल्या. त्यांची ती किंचाळी इतकी अस्सल होती की तोच तुकडा आठवडाभर जाहिरातीत दाखवला गेला. त्यानंतर बुद्धविहारातल्या वाचनालयाची फीत कापायला मोतीरामला बोलावलं. आभार मानायला जयरामला उभं केलं. "आपले लाडके आबा," असं म्हणताना त्याच्या जिभेला चटका बसला, पण टाळ्या पडल्या. त्या टाळ्याही मोतीरामच्याच होत्या.

पण खोटा सल्ला कधी ना कधी फळतोच. महिनोन् महिने खोकणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी औषध देत नाही, यावर प्रेक्षक बिथरले. आबांना डॉक्टरकडे का नेत नाहीत, अशी पत्रं आणि मेसेज यायला लागले. लेखकाची पंचाईत झाली. इतका खोकून झाल्यावर माणूस नुसत्या काढ्याने बरा झाला तर पटणार कसं? शेवटी त्याने आबांना मारायचं ठरवलं.

जयरामला ही बातमी सलूनमध्ये कळली. तो तिथून उठला तो थेट मिठाईच्या दुकानात गेला आणि पेढे घेऊनच घरी आला.

"अहो, माणूस मेला आणि पेढे कसले आणता?" सुलाबाई म्हणाली.

"मालिकेत मेलाय. खरा धडधाकट आहे."

"तरी पण! तीस वर्षांचा मित्र ना तुमचा? शोभतं का हे?"

तेवढ्यात दारात मोतीराम उभा राहिला. जयरामने पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवला, पण वास कुठे लपतो?

"पेढे?" मोतीरामचे डोळे भरून आले. "म्हणजे निकिताचा फोन आला तुला?"

निकिता म्हणजे शूटिंगवर कलाकारांची कामं बघणारी मुलगी. जयरामने पुडा आणखी मागे सरकवला.

"आबांचा धाकटा भाऊ अण्णा, वीस वर्षांनी घरी येतो, आबांच्या दहाव्याला," मोतीराम म्हणाला. "मी सांगितलं त्यांना, ही भूमिका जयराम पगारेशिवाय कोणी करूच शकत नाय. तुझ्यामुळे मी मोठा झालो रे. तो खोकला तुझाच ना!"

जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पुडा पुढे केला. मोतीरामने स्वतःच्या मरणाचे दोन पेढे खाल्ले आणि चांगले आहेत म्हणाला.

लाज वाटली खरी, पण ती संध्याकाळपर्यंतच टिकली. पुढे जयरामच्या डोक्यात एकच विचार होता: आपलं तोंड टीव्हीवर दिसणार. त्याने मिशी राखायला सुरुवात केली, सिन्नरच्या बहिणीला फोन केला, कॉलनीत घरोघरी वेळ कळवली. शूटिंगच्या आदल्या दिवशी तो मोतीरामकडे गेला.

"मोतीराम, आता तू सांग. काय करू म्हणजे लक्षात राहीन?"

मोतीरामने त्याला मागून-पुढून निरखलं. "तू मला खोकला दिलास. मी तुला पाठ देतो."

"पाठ?"

"प्रत्येक जण कॅमेऱ्याला तोंड दाखवायला धडपडतो. तू वळूच नको. आबांच्या फोटोसमोर उभा राहा आणि सगळं पाठीने कर."

जयराम चमकला. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे तर त्याला पहिल्या तालमीत शिकवलेलं. मग त्याने हिशेब मांडला. खोकणं नाटकात पाप होतं, टीव्हीवर त्याचं पुण्य झालं. चहा सांडणं पाप होतं, त्याचीही जाहिरात झाली. म्हणजे पाठ दाखवणं हे तर केवढं मोठं पुण्य! शिवाय मोतीरामचा चेहरा इतका भाबडा होता की त्यात काही काळंबेरं असेल असं वाटेना. सल्ले देताना आपलाही चेहरा असाच भाबडा होता, हे मात्र जयरामला आठवलं नाही.

सोमवारी सात वाजता जयरामच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुलाबाईने चिवडा केला होता. मोतीराम सगळ्यांच्या पुढे, टीव्हीजवळच्या खुर्चीत बसला होता.

पडद्यावर दार उघडलं. एक माणूस आत आला, तो पाठमोरा. तो चालत भिंतीपाशी गेला. भिंतीवर चंदनाचा हार घातलेला आबांचा मोठा फोटो होता. पाठ थरथरली. खांदे खाली आले. "आबा, मी आलो," असं त्या पाठीने म्हटलं, आणि कॅमेरा हळूहळू पुढे सरकत फोटोतल्या मोतीरामच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. तिथून तो हललाच नाही.

"आजोबा, तुम्ही कुठे आहात?" पिंकीने विचारलं.

"तो काय, पुढे उभा आहे तो मी."

"तोंड कुठंय?"

"येईल," जयराम म्हणाला. मालिका संपून साबणाची जाहिरात लागली, तरी ते आलं नाही.

"मी ओळखलं बाई लगेच," सुलाबाई अभिमानाने म्हणाली. "सदऱ्याला मीच इस्त्री केली होती. आणि मोतीरामभाऊ फोटोत किती छान दिसतात!"

सगळ्यांनी मोतीरामकडे वळून बघितलं. मेलेल्या माणसाने नम्रपणे मान झुकवली. जयरामला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, की हा खरंच खोकत असता तरी आपण पाणी दिलं नसतं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात निकिताचा फोन आला. जयरामने स्पीकर लावला, म्हणजे निदान हे तरी सगळ्यांना ऐकू जावं.

"काका, कमाल केलीत! डायरेक्टर सर तुमच्या पाठीवर फिदा आहेत. अण्णा दिसतात कसे, यावरच आता सगळी मालिका चालवायचीय. किमान एक वर्ष काम आहे तुम्हाला."

घरात टाळ्या पडल्या. जयरामने फोन तोंडाजवळ नेला. "आणि तोंड कधी दाखवायचं?"

"तोंड नकोच काका. तोंड दाखवलं की संपलं ना सगळं! आणि हो, एक लक्षात ठेवा..."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम सलूनमध्ये गेला. शेजारच्या खुर्चीत मोतीराम होता. आबा मेल्यामुळे त्याची मिशी मोकळी झाली होती आणि रवीने ती नुकतीच साफ उतरवली होती. जयराम आपल्या खुर्चीत बसला.

"काय करायचं काका?" रवीने विचारलं. "मिशी छान वाढलीय तुमची. राखायची ना?"

"काढ. दाढी काढ, मिशी काढ, भुवया काढ. तोंडाचं तुला काय करायचं ते कर."

मग त्याने आरशातून मोतीरामकडे बघितलं, मान ताठ केली आणि गेले कित्येक महिने जिभेवर घोळत असलेलं वाक्य एकदाचं म्हणून टाकलं.

"मानेवरच्या केसांना मात्र हात लावू नको. कंटिन्यूटी आहे."